गुळवेल, शिंका आणि पुरावा

(पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात सकाळी उठल्या उठल्या कुणीतरी लागोपाठ दहा-बारा शिंका देतं, त्यांनी वेळ काढून वाचावी.)

नवी मुंबईत नाकाच्या ॲलर्जीला आता ऋतू राहिलेला नाही. पावसाळ्यात भिंतींवर बुरशी, थंडीत खाली बसणारा धूर, आणि बारा महिने कुठे ना कुठे चाललेलं बांधकाम. कोपरखैरणे-तुर्भेकडे एमआयडीसी, खारघर-कळंबोलीकडे तळोजा. एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये मिरचीच्या पोत्यांमध्ये दिवस काढणाऱ्या माथाडी कामगाराला तर विचारूच नका. नाक वाहतंय, नाक चोंदलंय, डोळे चुरचुरतायत, रात्री झोप नाही. या आजाराने माणूस मरत नाही, म्हणून त्याला कुणी आजारही म्हणत नाही. "अहो, साधी सर्दी आहे" म्हणून विषय संपतो.

मग सुरू होतात घरचे उपाय, आणि त्यात पहिला नंबर गुळवेलीचा. सोसायटीच्या बागेत कडुनिंबावर चढलेली वेल, तिचा बोटभर तुकडा, रात्री पाण्यात, सकाळी काढा. शिवाय मेडिकलमध्ये गोळ्या, रस, सत्त्व. "महिनाभर घ्या, ॲलर्जी मुळापासून जाते" असा मेसेज तुम्हालाही आलेला असणार.

प्रश्न साधा आहे. हे खरं आहे का? आणि खरं आहे की खोटं, हे ठरवायचं कसं?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, नागपुरात वीस वर्षांपूर्वी शोधलं गेलंय, हे फार कमी लोकांना माहीत आहे. नागपूरच्या सरकारी डॉक्टरांनी नाकाच्या ॲलर्जीचे ७५ रुग्ण घेतले. काहींना आठ आठवडे गुळवेलीचा अर्क दिला, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं काहीतरी दिलं. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. हा अभ्यास २००५ साली जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

निकाल काय? गुळवेल घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांच्या शिंका पूर्ण थांबल्या. नाक वाहणं ६९ टक्क्यांचं थांबलं, चोंदणं ६१ टक्क्यांचं, नाकातली खाज ७१ टक्क्यांची. उलट खोटं औषध घेणाऱ्यांपैकी ७९ टक्के लोकांना शिंकांपासून काहीच आराम पडला नाही. नाकातल्या स्रावाची तपासणी केली तेव्हा ॲलर्जीशी संबंधित पेशीही गुळवेलवाल्या गटात कमी झालेल्या दिसल्या.

आता कुणी म्हणेल, खोटं औषध द्यायची काय गरज? दिली असती सगळ्यांना गुळवेल आणि बघितलं असतं. गरज आहे, आणि या आजारात तर जास्तच आहे. नाकाची ॲलर्जी आपोआप कमी-जास्त होत असते. वारा बदलला, शेजारच्या इमारतीचं काम थांबलं, गादीची खोळ धुतली, की बरं वाटतं. शिवाय "मी औषध घेतोय" या भावनेनेही बरं वाटतं. माणूस औषधाकडे वळतो तोच मुळी त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेला त्रास बहुतेक वेळा नंतर उतरतोच. त्या उतरणीचं श्रेय त्या आठवड्यात जे पोटात गेलं त्याला मिळतं. म्हणून दोन गट लागतात. "माझ्या मेव्हण्याला फरक पडला" ही माहिती आहे, पुरावा नाही.

नागपूरच्या अभ्यासाकडे बघून आयुर्वेदाचे अभिमानी म्हणतील, झालं सिद्ध. मी म्हणतो, थांबा जरा. ७५ रुग्ण, एक शहर, आठ आठवडे. नाकात मारायचा जो स्प्रे आज या आजारावरचा मुख्य उपचार मानला जातो, त्याच्याशी तुलना नाही. ॲलर्जी वर्षानुवर्षं छळते, दोन महिन्यांनंतर काय झालं ते या अभ्यासातून कळत नाही. आणि ८३ टक्के लोकांच्या शिंका पूर्ण बंद हा निकाल इतका जोरदार आहे, की तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांच्या हातून, जास्त रुग्णांवर पुन्हा येतो का हे बघणं भागच आहे. चांगली सुरुवात म्हणजे शेवट नव्हे.

हा पेच फक्त आपला नाही. चीनमध्येही नाकाच्या ॲलर्जीवर पिढ्यान्‌पिढ्या काढे दिले जातात. यु पिंग फेंग सान नावाचा तीन वनस्पतींचा जुना पाठ तिथे घरोघरी माहीत आहे. या चिनी औषधांच्या चाचण्या ऑस्ट्रेलियात झाल्या. २००२ साली बिमिने नावाच्या कॅप्सूलची चाचणी छापून आली, रुग्ण ५८. २००३ साली मेलबर्नमध्ये १८ वनस्पतींच्या मिश्रणाची, रुग्ण ५५, कालावधी आठ आठवडे. दोन्हींत खोट्या औषधापेक्षा चिनी औषध घेणाऱ्यांना बरं वाटलं. आकडे बघा, आपल्या नागपूरसारखेच. लहान अभ्यास, आशा वाटावी असा निकाल. म्हणूनच २०१५ साली अमेरिकेतल्या नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने नाकाच्या ॲलर्जीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा नाकाच्या स्टेरॉइड स्प्रेची ठाम शिफारस केली आणि वनस्पतींच्या औषधांबद्दल "घ्या" असंही म्हटलं नाही, "घेऊ नका" असंही नाही. शिफारस करण्याइतका भरवसा हाती नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

पण चीनने एका बाबतीत काय केलं तेही बघा. तू यूयू या संशोधक बाईंच्या गटाने मलेरियासाठी जुन्या ग्रंथांतले शेकडो पाठ चाळले. त्यातून एका वनस्पतीपर्यंत आल्या. आधी अर्क नीट काम करेना. मग जुन्या ग्रंथातला थंड पाण्याचा उल्लेख वाचून त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला आणि तो चालला. त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं केलं. आर्टेमिसिनिन. आज जगभर मलेरियावर ते वापरतात, आणि २०१५ चं नोबेल बाईंना मिळालं. ग्रंथाने दिशा दाखवली, पण मान मिळाला तो प्रयोगशाळेत आणि रुग्णांवर सिद्ध झाल्यावर. गंमत म्हणजे त्याच आर्टेमिसिया कुळातल्या झाडांचे परागकण उत्तर चीनमध्ये नाकाच्या ॲलर्जीचं मोठं कारण आहेत. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण तिथेच मोडतं.

नोबेलसाठी चीनला कशाला जायचं, आपल्या मुंबईचं उदाहरण आहे. डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांनी सर्पगंधा ही वनस्पती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. जगाने दखल घेतली, १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे त्या औषधाने काहींना नैराश्य येतं हेही कळलं. कळलं, कारण रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. तेव्हा जडीबुटीची शास्त्रीय चाचणी मागणं म्हणजे परंपरेचा अपमान, असं ज्यांना वाटतं त्यांनी सर्पगंधेचा इतिहास वाचावा.

गुळवेलीवरही मुंबईत काम झालेलं आहे. परळच्या केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेलीवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल दिली तर फायदा होतो का, हे त्यांनी तपासलं, तो अभ्यास १९९३ साली छापून आला आणि निकाल आशादायक होता. म्हणजे लिव्हरच्या रुग्णांनाच या वेलीचा उपयोग होईल अशी चिन्हं तेव्हा दिसली होती.

आणि आता त्याच वेलीची दुसरी बाजू. कोरोनाच्या काळात घराघरात गुळवेल उकळली गेली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईत सहा रुग्ण लिव्हरला इजा होऊन आले, आणि सहाही जणांच्या पोटात गुळवेल गेलेली होती. डॉक्टरांनी ते २०२१ साली प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने लगेच खुलासा काढला, की गुळवेलीचा संबंध लिव्हरच्या इजेशी जोडणं दिशाभूल करणारं आहे, रुग्णांनी नेमकी कुठली वनस्पती घेतली याची खात्री डॉक्टरांनी केलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते. पुढे २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. काही रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्याची लक्षणं होती. ज्यांच्यात ही प्रवृत्ती आधीपासून लपलेली असते, त्यांना गुळवेलीने ती उफाळून येऊ शकते, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे.

मंत्रालयाचा मुद्दा मी क्षणभर मान्य करतो. समजा ती दुसरीच वेल होती. मग सांगा, मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलच्या रुग्णांनी कुठली वेल खाल्ली हेच जर नक्की सांगता येत नसेल, तर सीवूड्सच्या बागेतून तुकडा तोडणाऱ्या आजोबांना ते कसं कळायचं? मंत्रालयाच्या खुलाशानेच घरगुती काढ्याच्या भरवशाला सुरुंग लागतो, हे मंत्रालयाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. गुळवेल विकली जाते "इम्युनिटी वाढवणारी" म्हणून. पण नाकाची ॲलर्जी म्हणजे काय? धुळीचा कण किंवा परागकण दिसला, की तो शत्रू असल्यासारखी आपली प्रतिकारशक्ती तुटून पडते. म्हणजे इथे इम्युनिटी कमी नाही, नको तिथे जास्त झालीय. मग ती आणखी वाढवून ॲलर्जी कशी जाईल? संशोधक म्हणतात ती वाढवत नाही, ताळ्यावर आणते. असेल तसं. पण मग बाटलीवर तसं लिहा, आणि ते सिद्ध करून लिहा.

इथे सरकारचा विषय येतो. आपल्या कायद्यात आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे औषध बनवलं, तर परवाना घेताना ते परिणामकारक आहे हे माणसांवर नव्याने चाचणी करून दाखवावं लागत नाही. ग्रंथाचा आधार पुरतो. ठीक आहे, हजारो वर्षांची परंपरा म्हणून तेवढी सवलत समजू शकतो. पण निदान जाहिरातीवर तरी लगाम हवा ना? तो २०१८ च्या डिसेंबरात आला होता. औषध नियमांमध्ये नियम १७० घातला गेला. आयुष औषधाची जाहिरात करायची तर आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून मंजुरीचा क्रमांक घ्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंत्रालयानेच राज्यांना कळवलं, की या नियमाखाली कारवाई करू नका. पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनची याचिका सुप्रीम कोर्टात गाजत असतानाच १ जुलै २०२४ ला नियमच काढून टाकला. कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्या काढण्याला स्थगिती दिली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये याचिका निकाली काढताना ती स्थगितीही उठली. आज स्थिती अशी, की जाहिरात छापण्याआधी दावा तपासणारं कुणी नाही. १९५४ चा जादूटोणावजा औषधांच्या जाहिरातींचा कायदा आहे, पण तो जाहिरात आल्यानंतर तक्रार झाली तर हलणार.

यात आम्हा पत्रकारांचा धंदाही गुंतलाय, ते लपवण्यात अर्थ नाही. लहान शहरातल्या वर्तमानपत्रांची पानं कशावर चालतात? वाढदिवसाच्या शुभेच्छा, सरकारी नोटिसा आणि "शंभर टक्के खात्रीशीर" औषधं. जाहिरात विभागाला कुणी विचारत नाही, की हे शंभर टक्के कुणी मोजले. नियम असता तर निदान "क्रमांक दाखवा" एवढं तरी विचारता आलं असतं.

आता दुसऱ्या टोकाच्या मित्रांसाठी. "सगळं आयुर्वेद थोतांड" म्हणणाऱ्यांनी नागपूरचा अभ्यास आधी वाचावा. आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेली आधुनिक औषधं फार शास्त्रीय असतात असंही समजू नये. नाक चोंदलं की थेंब टाकायची सवय लागलेले किती तरी लोक आपल्या आसपास आहेत. ते थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक उलट जास्त चोंदतं, आणि माणूस त्यांच्याशिवाय झोपू शकत नाही. उलट ज्या स्टेरॉइड स्प्रेला भक्कम पुरावा आहे, त्याला लोक "स्टेरॉइड" या शब्दामुळे घाबरतात आणि दोन दिवसांत सोडून देतात. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज वापरावा लागतो. पुराव्याची चाड नसणं ही काही एका पॅथीची मक्तेदारी नाही.

परंपरेतल्या ज्या गोष्टीला थोडाफार पुरावा मिळालाय ती मात्र कुणी जाहिरातीत दाखवत नाही. जलनेती. मिठाच्या पाण्याने नाक धुणं. २०१८ साली कोक्रेनच्या आढाव्यात १४ अभ्यास आणि ७४७ लोकांची माहिती एकत्र केली. पुराव्याचा दर्जा कमी आहे असं त्यांनी स्पष्ट म्हटलं, पण त्रास कमी होण्याची शक्यता दिसली. फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाचं थेट नको. पण मिठाच्या पाण्यात नफा नाही, त्यामुळे त्याचं होर्डिंग पाम बीच रोडवर लागत नाही.

मग करायचं काय? माझी मागणी साधी आहे, आणि ती नवी मुंबईत पूर्ण होऊ शकते. महापालिकेची हॉस्पिटलं आहेत वाशीला, नेरुळला, ऐरोलीला. तिथल्या नाक-कान-घसा ओपीडीत ॲलर्जीच्या रुग्णांचा तोटा नाही. नेरुळला एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यकीय आणि आयुर्वेद अशी दोन्ही महाविद्यालयं आहेत. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगाच्या औषधांच्या चाचण्या शिस्तीत कशा करायच्या हे जाणणारी माणसं बसलेली आहेत. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून ॲलोपॅथी आणि आयुर्वेद दोन्हींच्या परीक्षा घेतं, त्याने गुळवेलीचीही एक परीक्षा घ्यावी. तीनशे-चारशे रुग्ण घ्या. सगळ्यांना नेहमीचा स्प्रे द्या, निम्म्यांना सोबत गुळवेल, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. वेल कुठली ते वनस्पतिशास्त्रज्ञाकडून आधी तपासून घ्या. सुरुवातीला आणि मग दर महिन्याला लिव्हरची तपासणी करा, लिव्हरचे जुने रुग्ण वगळा. देशाच्या चाचणी नोंदणीत आधी नाव घाला, म्हणजे निकाल नको तसा आला तर दडपता येणार नाही. वर्षभरात बऱ्यापैकी कळेल. गुळवेल पास झाली, तर गरिबाला स्वस्त औषध मिळेल आणि मी पहिला पेढे वाटीन. नापास झाली, तर लोकांचे पैसे आणि काहींचं लिव्हर वाचेल.

तोपर्यंत तुम्ही-आम्ही इतकं करू शकतो. कुणी ॲलर्जीवर काही सुचवलं, मग ते वैद्यांनी असो, डॉक्टरांनी असो की ग्रुपवरच्या काकांनी, पाच गोष्टी विचारा. नेमकं काय आहे? किती घ्यायचं? किती दिवस? कशाशी तुलना करून बघितलंय? आणि कुणी घ्यायचं नाही? शेवटच्या प्रश्नाला "सगळे घेऊ शकतात, साइड इफेक्टच नाही" असं उत्तर आलं, तर तिथून उठा.

गुळवेल चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ओरडतील म्हणून लोक सांगत नाहीत, आणि मग कावीळ दिसली तरी कारण सापडत नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेली, अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी बंद आणि लिव्हरची तपासणी. लिव्हरचा, थायरॉइडचा किंवा संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका. कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर नोंदवायला १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करायला दहा मिनिटं लागतात. अशा नोंदी झाल्या नाहीत, की "आजवर कुणाची तक्रार नाही" म्हणायला कंपन्या मोकळ्या.

आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला, आमदाराला ही चाचणीची मागणी पाठवा. रस्ता, गटार, पाणी यांसाठी पाठवता ना, तशीच. शिंका आपल्या आहेत आणि लिव्हरही आपलंच आहे.